पहिली घंटा
"आईला ऐकू येत नाही," असं सांगून मुलगी बाहेर जाऊन बसली. केसपेपरवर बाईंचं गाव वाचून मी त्यांना हेडफोन लावला, हातात बटण दिलं आणि "आवाज आला की दाबा" असं रशियनमध्ये सांगताच त्यांनी माझा हातच धरला. माझं डॉक्टरकीचं शिक्षण त्यांच्याच गावात, रशियातल्या पर्मला झालं होतं; कुवेतमध्ये बारा वर्षांत मी रशियनचा एक शब्दही बोललो नव्हतो. मग बाई थांबेचनात. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडचं बॅले थिएटर पर्मला हलवलं, त्यात नाचणारी त्यांची आई तिथेच राहिली. त्या स्वतः तिथल्या ऑपेरात चाळीस वर्षं व्हायोलिन वाजवायच्या. विद्यार्थी असताना मी ओव्हरकोट खाली जमा करून वरच्या गॅलरीत बसायचो, तेव्हा त्यांनाच ऐकलं असणार. "तिसऱ्या घंटेनंतर दार बंद," मी म्हणालो, "आमच्या मराठी नाटकासारखंच." तपासणीत त्यांनी सर्वांत बारीक आवाजालाही बटण दाबलं. "कान उत्तम आहेत तुमचे!" बाईंचा चेहरा पडला. "लेक दिवसभर ऑफिसात. जावई अरबी बोलतो, नातवंडं इंग्रजी. माझ्याशी कुणी बोललेलं महिनोन्महिने ऐकू आलं नाही, म्हणून वाटलं, कानच गेले." मीही फ्लॅटवर टीव्ही लावूनच जेवतो. बाहेर येऊन मी मुलीला म्हणालो, "मंगळवारी परत तपासावं लागेल." मागे उभ्या बाईंनी हळूच रशियनमध्ये सांगितलं, "पहिल्याच घंटेला येऊन बसेन."