परेशच्या सहीला लाल टॅग

लाल टॅग हातात धरून गोपीनाथ त्या ब्रेकसमोर नुसता उभा होता. विमानाच्या चाकाचा ब्रेक. सिंगापूरहून दुरुस्त होऊन आलेला, खोक्यातल्या फोमवर जावयासारखा बसलेला. सोबतच्या सर्टिफिकेटवर सही कुणाची, तर परेशची. सख्ख्या धाकट्या भावाची.

"अरे, घरचीच सही की!" मागून शैलेश साहेब हसले. "मार शिक्का आणि दे पाठवून. उद्या विमानाला लावायचाय."

"जरा खोलून बघतो ना, साहेब."

"काय खोलतोस? त्यांच्या वर्कशॉपला आपल्या विमानखात्याची मान्यता आहे. तिथलं सर्टिफिकेट इथे चालतं. वाटेत आपटला नाही ना, कागद बरोबर आहेत ना, झालं आपलं काम."

वीसेक वर्षं गोपीनाथ या हँगरमध्ये चाकं खोलतोय. त्यानं साधा नट आवळला तरी दुसरा येऊन टॉर्च मारतो, तिसरा येऊन सही करतो. आणि परेशनं तिकडे पेन टेकवलं की इकडे सगळ्यांच्या माना डोलतात.

"माझ्या हातचं तिघं तपासतात, साहेब. ह्याचं कुणीच नाही?"

"तिकडे तपासलंय की त्याचं. उगाच डोकं नको खाऊ," म्हणत साहेब चहाला गेले.

ते वळले आणि गोपीनाथनं टॅग बांधला. वर लिहिलं, 'शंका'. कसली शंका, ती जागा कोरीच ठेवली. पुढे काय होणार ते त्याला पाठ होतं. ब्रेक कोपऱ्यातल्या, अडवलेल्या मालाच्या जाळीत जाणार. उद्या सिंगापूरला पत्र जाणार. सही करणाऱ्याला उभं करून जाब विचारणार. आणि परेशची बढती तर ह्याच महिन्यात होती. आईनंच सांगितलेलं, एकदा नाही, जेवताना रोज.

'विचारू दे,' गोपीनाथ मनात म्हणाला. 'आयुष्यात एकदा त्यालापण कुणीतरी विचारू दे.'

पहिली शिफ्ट संपवून तो डहाणूला आला. बाजारातून बोंबील घेतले, घरी आला. आईनं पिशवी ताटात उलटी केली. एकेक बोंबील उचलून ती बोटानं दाबू लागली, नाकाला लावू लागली.

"कुणाकडनं आणलेस?"

"रखमीकडनं."

"आजचेच ना? का तिनं दिले आणि तू घेतलेस?"

"आजचेच गं!"

त्यानं आणलेलं सगळं ती असंच तपासायची. तांदूळ आणले तर चार दाणे दाताखाली फोडणार. चिकू आणले तर प्रत्येकाचा देठ बघणार. गोळ्या आणल्या तर शेजारच्या मास्तरांकडून तारीख वाचून घेणार. पोरगा पन्नाशीला टेकला, पण घरात त्याचा माल पास होईल तर शपथ.

तेवढ्यात दारात कुरियरवाला. परेशचं खोकं. आईनं हात धुतले, पदराला पुसले, खोकं कपाळाला लावलं आणि न उघडताच आतल्या कपाटात ठेवलं. कपाटाला कुलूप, किल्ली कमरेला.

गोपीनाथच्या तोंडून निघालंच, "ते नाही हुंगायचं?"

"काय?"

"त्याचं आलं की कपाळाला. आणि माझे बोंबील कोर्टात उभे! दे ती किल्ली. बघू तरी काय खजिना धाडतो तुझा लाडका."

आईनं कमरेची किल्ली काढून दिली.

गोपीनाथनं कपाट उघडलं आणि तिथेच थबकला. खोक्यावर खोकं, तळापासून वरपर्यंत. चिकटपट्ट्यासुद्धा तशाच, वरच्या चिठ्ठीवर आतल्या वस्तूचं नाव. पाय चेपायचं मशीन. गेल्या नाही, त्याच्याही आधीच्या दिवाळीची साडी. रक्तदाब मोजायचं यंत्र होतं, आणि आई तर दर सोमवारी गोपीनाथच्याच स्कूटरवर मागे बसून दवाखान्यात रक्तदाब मोजायला जायची. तळाच्या खोक्यातल्या चॉकलेटांपर्यंत मुंग्यांनी रस्ता केला होता.

"आई, एकपण उघडलं नाहीस?"

आई दारात उभी होती. हातात पुन्हा एक बोंबील.

"काय करू उघडून? आत तो थोडाच असतो," ती म्हणाली. मग हळूच, "त्याला बोलू नको हां. मी फोनवर सांगते त्याला, सगळं वापरते म्हणून."

गोपीनाथनं तळाच्या खोक्यावरच्या मुंग्या झटकल्या. एवढी वर्षं ज्याच्यावर जळलो त्याची सगळी कमाई इथे मुंग्या खातायत. त्यानं कपाट लावलं, किल्ली आईच्या हातात दिली आणि अंगणात जाऊन फोन लावला.

"साहेब, त्या सिंगापूरच्या ब्रेकवर मी लाल टॅग बांधलाय. पत्र पाठवू नका. उद्या येऊन मीच काढतो."

"टॅग? कधी बांधलास? काय सापडलं तुला त्यात?"

"त्यात काही नाही. कागद बरोबर आहेत, कुठे आपटलेलाही नाही."

"मग?"

"चूक माझी, साहेब. उद्या समोर येऊन सांगतो. ओरडा तेव्हा."

फोन ठेवून वळतो तर आई पिशवी पुढे करून उभी.

"हे दोन नरम लागतायत. जा, बदलून आण. आणि रखमीला म्हणावं, परत असले दिलेस तर मी येईन."

त्यानं पिशवी घेतली. पायरी उतरला, मग थांबला. आवाजात आता धार नव्हती.

"आई, माझ्याच मालाची एवढी तपासणी का गं?"

आईनं त्याच्याकडे असं बघितलं, जणू हा पन्नाशीचा झाला तरी वेडाच राहिला.

"अरे मेल्या, त्याचं कपाटात जातं. तुझं पोटात जातं."