मागची सीट

"ही खुर्ची कोनी ठोकली माझ्या गाडीला?"

महादू काठी टेकून ओट्यावर उभा होता. शब्द जिभेवर अडखळत होते, राग मात्र अडखळत नव्हता. अंगणात त्याची बुलेट उभी होती. तिच्या मागच्या सीटला पाठ टेकायला काळ्या रेक्झिनची गादी बसवलेली होती आणि गादीच्या दोन्ही बाजूंना रुंद पट्टे लोंबत होते.

"मी बसवून घेतली," त्याची मुलगी ऋतिका म्हणाली. "भिवंडीत, रामनाथ मेस्त्रीकडं. पहिल्या पगारातनं. तुला भेट."

"भेट? म्हाताऱ्याची गाडी करून टाकलीस तिची."

मानकोलीत पहिली बुलेट आली ती महादूची. तेव्हा गावात गोदामं नव्हती, भातशेती होती. त्या गाडीला त्याने कधी दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. मग गेल्या दिवाळीनंतर त्याला लकवा मारला, उजवं अंग गेलं आणि तोंड वाकडं झालं. जुन्या बुलेटचं सगळं उजवीकडेच. एक्सलेटर उजव्या हातात, किक आणि गियर उजव्या पायाशी. तेव्हापासून महादू गावात फिरकला नव्हता. रिक्षात बसायलाही तयार नव्हता. ओटा उतरायचा तो फक्त गाडी पुसायला. डाव्या हाताने टाकी लख्ख करायचा, चेनीला तेल घालायचा. इंजिन जाम होऊ नये म्हणून रामनाथ दर रविवारी येऊन गाडी फिरवायला न्यायचा, तेवढंच.

"दापोड्याला केसरीकाकाच्या पोराची हळद हाय," ऋतिका म्हणाली. "काका सोता बोलवून गेला. आपून जायचं."

"मना न्हाय जायचं. लोकं तोंडाकडं बघतात."

"बघू दे."

"आनि गाडी कोन चालवनार? रामनाथ?"

"मी."

महादू तिच्याकडे बघत राहिला. मग काठी टेकत अंगणात उतरला, गाडीच्या पलीकडे गेला आणि त्याने खाली वाकून लेगगार्डकडे बघितलं. तिथलं क्रोम खरवडलेलं होतं.

"ही रामनाथनं पाडली समजून मी त्याला शिव्या घातल्या."

"म्हायती हाय."

"तो गप ऱ्हायला."

"मीच सांगितलं व्हतं, बोलू नको म्हनून. रविवारी गोदामामागच्या मैदानात शिकवायचा मना."

महादू सरळ झाला. "तुला कुठं लागलं?"

ऋतिकाने बाही वर करून कोपर दाखवलं. खपली पडून गेली होती, नवी गुलाबी कातडी आली होती. महादूने त्यावर अंगठा फिरवला.

दारातून रंगूबाई बाहेर आली. तिच्या हातात नवऱ्याचा इस्त्री केलेला पांढरा शर्ट होता. महादूने एकदा बायकोकडे बघितलं, एकदा मुलीकडे.

"तुलाबी म्हायती व्हतं."

"हात वर कर," रंगूबाई म्हणाली.

शर्ट घालून झाला तरी तो जागचा हलला नाही. ऋतिकाने गाडी ओट्याला लावली आणि किक मारली. इंजिन नुसतं खोकलं. दुसरी किक उलटून तिच्या नडगीवर बसली. ती ओठ दाबून तिसऱ्यांदा पाय उचलणार, तोच महादू बोलला.

"अशी न्हाय. आधी मीटरचा काटा मधी आन. हळूहळू दाब... थांब. आता समदं अंग टाक."

तिने अंग टाकलं. अंगण धडधडू लागलं. महादू डोळे मिटून ऐकत राहिला. मग त्याने काठी रंगूबाईच्या हातात दिली.

रंगूबाईने त्याचा उजवा पाय उचलून सीटच्या पलीकडे टाकला, पाय टेकायच्या पावठ्यावर ठेवला आणि पट्टा आवळला. गाडी निघाली.

रस्त्यावर कंटेनरची रांग होती. ऋतिका चाचरत चालवत होती. इंजिन कुंथायला लागलं की मागून महादूचा डावा हात तिच्या खांद्यावर थाप मारायचा आणि ती गियर बदलायची. पुढे पुढे थापा कमी झाल्या. नंतर हात नुसताच खांद्यावर राहिला.

मांडवाशी बँजोचा दणदणाट चालला होता. बुलेटचा आवाज ओळखून माणसं वळली. पुढे ऋतिका दिसली, मागे पट्ट्याने बांधलेला महादू. कोणीतरी कुजबुजलं. महादूने मान खाली घातली.

"परत फिरव," तो तिच्या कानाशी म्हणाला. "ऐक माझं, फिरव गाडी."

ऋतिकाने गाडी बंद केली. पाय टेकून तशीच बसून राहिली.

गर्दीतून केसरीनाथ वाट काढत आला. हात कोपरापर्यंत हळदीने माखलेले. महादूचा तो लहानपणापासूनचा जोडीदार. जवळ येऊन तो थबकला. वाकडं झालेलं तोंड त्याने पहिल्यांदाच एवढ्या लोकांत, उजेडात बघितलं होतं.

"काय रं महादू," शेवटी तो म्हणाला, "डायवर ठेवलास काय?"

"डायवर न्हाय," महादूने एकेक शब्द नीट जुळवत म्हटलं. "मालकीन हाय गाडीची. मना घेऊन आली."

ऋतिकाने मान वळवली नाही. हँडलवरची तिची मूठ मात्र घट्ट झाली.

केसरीनाथ हसला. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने हळदीने भरलेला तळवा महादूच्या उजव्या गालावर फासला. महादूचा चेहरा तसाच राहिला, दगडासारखा. केसरीनाथचा हात गोंधळून थांबला.

महादूने हळूच मान फिरवली आणि डावा गाल पुढे केला.

"हिकडं लाव," तो म्हणाला. "हिकडं कळतं मना."