गार कोपरा

"आमच्या याला आकडा दाखवल्याशिवाय काही दिसत नाही गं बाई. आत्ताच सांगून ठेवते, मग म्हणू नकोस," असं नणंदेने लग्न ठरलं तेव्हाच तिला बजावलं होतं. ती नुसती हसली होती. सख्ख्या बहिणीला ज्याच्यात एवढीच खोट सापडते, त्याच्याशी डोळे मिटून लग्न करावं, असं तिला वाटलं होतं.

आत्ता भर दुपारी ती कासवाच्या काचपेटीला टेकून जमिनीवर बसली होती. मांडीवर दीड वर्षांची ठमी, आणि फोनवर परगावी कामाला गेलेला नवरा.

"अंग तापलंय रे तिचं. हाताला चटका बसतोय."

"किती आहे?"

"थर्मामीटर बंद पडलाय. सकाळी तिनेच बादलीत बुडवला. सांगितलं ना मघाशी."

"मग खूप आहे हे कसं ठरवलंस? मागच्या वेळी अशीच धावत सुटलीस, डॉक्टरसुद्धा हसले. मुलांना येतो ताप. त्या दवाखान्यात सतरा पोरं खोकत बसलेली असतात, तिथून नवीन काहीतरी घेऊन याल." मग त्याचा आवाज मऊ झाला. "बरं, साहेब जेवले का?"

साहेब म्हणजे कासव. लग्नाच्या आधीपासूनचं.

पेटी त्याने जाताना स्वतः लावून दिली होती. एका टोकाला दिवा, त्याखाली सपाट दगड, तिथे पस्तीस अंश. दुसऱ्या टोकाला सावलीत अर्धं मडकं पालथं घातलेलं, तिथे चोवीस. "कासवाला स्वतःची ऊब नसते," ठमीला कडेवर घेऊन तो दोघींना समजावत होता. "ते जागा बदलून जगतं. गार कोपरासुद्धा तापला तर बिचाऱ्याने पळायचं कुठे? आतल्या आत शिजेल." किती जीव ओतून सांगत होता. तीन ठिकाणी तीन सेन्सर, तेही काचेला चिकटवलेले नाहीत. बरोबर कवचाच्या उंचीवर. तिन्ही आकडे त्याच्या फोनवर दिसायचे. गार कोपऱ्याने अठ्ठावीस ओलांडले की त्याच्या खिशात गजर.

घरात तापमान मोजायच्या आता तीनच वस्तू होत्या. तिन्ही पेटीत.

"जेवले," असं म्हणून तिने फोन ठेवला.

ठमी रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. डोळे अर्धवट उघडे, ओठ सुकलेले. चमच्याने पाणी पाजायला गेली तर ते गालावरून ओघळलं. तिला उचलून ती दोनदा दारापर्यंत गेली आणि दोनदा परत येऊन बसली. डॉक्टर पुन्हा हसले तर?

"मी उगाचच घाबरते," ती पुटपुटली. वाक्य त्याचं होतं, हेलसुद्धा त्याचाच.

मग तिने पेटीचं झाकण उचललं. मडक्यामागे हात घालून गार कोपऱ्यातला सेन्सर ओढून काढला. लांब वायर, टोकाला चिंचोक्याएवढा धातू. साबणाच्या ओल्या फडक्याने तो पुसला, कोरडा केला, पुन्हा पुसला, आणि ठमीच्या काखेत धरून तिचा दंड घट्ट दाबला. काय गडबड चाललीय ते बघायला साहेबांनी मान बाहेर काढली.

पेटीवरच्या पडद्यावर आकडा चढू लागला. तीस. छत्तीस. अडतीस. चाळीसला जाऊन थांबला.

फोन वाजला. या आठवड्यात त्याने आपणहून केलेला हा पहिला फोन.

"अगं, करतेस काय तू? गार कोपरा चाळीस दाखवतोय! दिवा बंद कर, आधी दिवा बंद कर! मरेल ते!"

"सेन्सर कोपऱ्यात नाहीये. तुझ्या लेकीच्या काखेत आहे."

पलीकडे सामसूम झाली. इतका वेळ, की तिला वाटलं, दिसलं. अखेर दिसलं त्याला. श्वास रोखून ती वाट बघत राहिली. आता म्हणेल, ऊठ, नीघ. म्हणेल, मिळेल त्या गाडीने येतो.

"मग," तो म्हणाला, "कोपऱ्याचं किती आहे?"

काखेतला सेन्सर निसटून फरशीवर पडला. पेटीचं झाकण उघडं राहिलं. ठमीला खांद्यावर टाकून तिने दार ओढून घेतलं आणि जिना उतरत सुटली.

दवाखान्यात या वेळी कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी पोर तिच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच आत नेली. "अहो, इतका वेळ काय करत होतात घरी?" एवढंच विचारलं, आणि उत्तरासाठी थांबलेही नाहीत.

ठमीला आता सलाईन लावलंय. ताप उतरेल म्हणतात. उशाशी नर्स आहे, डॉक्टर दर थोड्या वेळाने डोकावतात. आई बाहेर बाकावर बसली आहे. एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात नवऱ्याची. मांडीवर फोन थरथरतोय. तो ती उचलतही नाही आणि बंदही करत नाही. येणारे-जाणारे थांबून मुलीची चौकशी करतात आणि पुढे जातात.

तुम्ही त्या बाजूने जाणार असाल, तर जरा आईकडे बघून या.