खुंट्यावरची जागा

विद्यापीठाच्या नामांतराच्या भांडणात गावानं दलित वस्तीवर बहिष्कार घातला आणि गिरणीवाल्यानं धुरपताची ज्वारीची पाटी पायरीवरूनच माघारी लावली. घरात दाणा होता, पीठ नव्हतं. धाकटी भावंडं घुगऱ्या खाऊन विटली, तेव्हा सोळा वर्षांच्या धुरपतानं न्हाणीत फरशीसारखं घातलेलं आजीचं जातं उखडून काढलं आणि छिन्नीनं टाकी लावून त्याचा गुळगुळीत झालेला दगड खरबरीत केला. वस्तीतल्या पोरी आळीपाळीनं खुंटा ओढू लागल्या. तळहातांना फोड आले, पण तव्यावर भाकर पडत राहिली. मग वादळानं विजेच्या तारा तुटल्या. गिरणी बंद पडली, आणि गावातली जाती तर कधीच पायरीचे दगड झाली होती. चार दिवसांनी गिरणीवाल्याची बायको मनकर्णा लेकरू कडेवर घेऊन वस्तीत आली. ज्वारीची पाटी धुरपताच्या दारात ठेवून ती लांब सरकली. “भाकर भाकर करायलंय गं हे. तेवढं दळून दे, मी हितंच थांबते.” “दळून देत न्हाई, बाई,” धुरपता म्हणाली. “जातं दोघींनी ओढायचं असतंय. समोर बसा.” मनकर्णानं मागं वळून गावाकडं पाहिलं. लेकरू पाटीकडं झेपावत रडत होतं. धुरपतानं जात्यात मूठभर ज्वारी वैरली, खुंट्यावरचा आपला हात वर सरकवला आणि खाली एका हातापुरती जागा सोडली. मनकर्णानं लेकरू खाली ठेवलं, पदर खोचला आणि ती बसली. पाटी सरेपर्यंत दोघींनी खुंटा ओढला. पीठ भरून झाल्यावर मनकर्णा आपला तळहात निरखत राहिली. “फोड फोडू नका, बाई,” धुरपता म्हणाली. “उद्याबी ओढायचंय.”