कोणी बघत नसताना

रमजानपासून माझी मुलगी दोहाच्या इस्पितळात निपचित पडून होती. डॉक्टरांनी आशा सोडली होती. पण तिची लेक निदा म्हणायची, “नाना, कोणी बघत नसताना मम्मीचं बोट हलतं. आय स्वेअर!” “भास होतो तुला, बेटा,” जावई समजवायचे. तिचं मन रमवायला मी दूध पावडरच्या डब्याला सुईने भोक पाडून कॅमेरा केला. “आत फोटोचा कागद आहे. चित्र उमटायला काही तास लागतात. मधे जे हलेल, ते पुसट येईल.” “मग मम्मीच्या हाताचा काढू!” दुपारभर डबा खाटेसमोर ठेवून आम्ही बाहेर बसलो. घरी बाथरूमच्या लाल दिव्याखाली कागद धुतला. एसीच्या वाऱ्यावर हलणारा पडदा पुसट आला. हात मात्र रेखीव. पाचही बोटं नखांसकट. निदाने कागद पुन्हा पाण्यात बुडवला. “नाना, कॅमेरा बिघडलाय ना?” “हो,” मी म्हणालो.