संपलेला खेळाडू

सगळे ज्याला ‘घार’ म्हणायचे तो बास्केटबॉलपटू काल निवृत्त झाला आणि आज ऑफिसातल्या अकाउंटंटच्या जिभेला हाडच उरलं नाही.

“कसली डोंबलाची घार! जन्मभर दुसऱ्यांच्या जिवावर ट्रॉफ्या मिरवल्या. वर्षभरात कुत्रंसुद्धा त्याचं नाव घेणार नाही!”

एक जिना चढताना दोनदा कठड्याला टेकणारा हा गडी बोलत होता, आणि घारीची एकही मॅच न चुकवलेल्या रिसेप्शनवरच्या ताई ओठांवर आलेली शिवी चहाबरोबर गिळत होत्या.

चहा संपला. अकाउंटंटने कागदी कप चुरगळला, एक डोळा मिटून कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यावर नेम धरला आणि रोजच्या सवयीने आरोळी ठोकत भिरकावला, “घाऽऽर!”

कप डब्याच्या हातभर अलीकडे पडला.



“घेतलं की हो नाव,” ताई म्हणाल्या.