साक्षीला कोणीतरी

गाडी चढावर बंद पडली आणि तिला आनंद झाला. इतका आनंद की डोळ्यांत पाणीच आलं. कारण स्टिअरिंगवर ती नव्हती, नवरा होता.

इंजिन एकदम गप्प झालं. डॅशबोर्डवरचे लाल-पिवळे दिवे सगळे एकाच वेळी पेटले. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. दीड वर्ष ती ज्याला त्याला हेच तर सांगत होती. अगदी असंच होतं, अस्संच.

दीड वर्षापूर्वी मोठ्या दिरांनी नवी गाडी घेतली आणि ही सात जणांची धिप्पाड एसयूव्ही धाकट्या भावाच्या दारात आली. घरातली गाडी घरातच राहिली म्हणून सगळे खूश. मग ती बंद पडू लागली. कधी आठ दिवसांनी, कधी दोन-दोन महिन्यांनी. तीन-चार मिनिटं मेल्यासारखी पडायची आणि मग जणू काही घडलंच नाही अशी चालू व्हायची. बरं, पडायची ती हिच्याच हातात. नवऱ्याने चालवली की तक्रार नाही, गॅरेजमध्ये नेली की त्याहून नाही. मेकॅनिकने कॉम्प्युटर लावून पाहिला आणि विचारलं, "वहिनी, क्लच पूर्ण दाबता ना?" सासूबाई म्हणाल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं." नवरा तसं काही बोलला नाही. त्याने फक्त तिच्या खांद्यावर थोपटलं. "तू फार दमतेस गं. दमलं की माणसाचं लक्ष उडतं."

ती डोंगरापलीकडच्या प्रसूतिगृहात नर्स होती. तिच्या ड्युटीच्या वेळेला तिकडे बस जात नसे, म्हणून ही गाडी. गेल्या महिन्यात दोन्ही मुलं मागे बसलेली असताना गाडी पुलाच्या मधोमध बंद पडली. मागचा टँकर किंचाळत हातभर अंतरावर थांबला. धाकटी त्यानंतर कितीतरी दिवस झोपेत दचकून उठत होती. घरात चर्चा झाली ती मात्र हिच्या गाडी चालवण्याची.

तेव्हापासून तिचा स्वतःवरचा विश्वासच उडाला. इंजेक्शन भरलं तरी ती मात्रा पुन्हा पुन्हा पाहायची. गॅस बंद केला की नाही, म्हणून अर्ध्या जिन्यावरून परत यायची. एकदा नुकतंच जन्मलेलं बाळ उचलायला ती दोनदा पुढे झाली आणि दोनदा मागे आली, शेवटी मोठ्या सिस्टरनीच ते आपल्याकडे घेतलं. त्या दिवशी घरी येऊन ती म्हणाली, "माझंच चुकत असणार." ते वाक्य जणू सगळ्यांना हवंच होतं. घर एकदम शांत झालं. आज नवरा सुट्टी काढून तिला घेऊन चालला होता, राजीनामा द्यायला. ज्या कामासाठी ती जगाशी भांडली असती ते सुटत होतं आणि तिला साधं रडूही येत नव्हतं.

आणि आता हे! देवच पावला म्हणायचा.

"पाहिलंस? पाहिलंस ना?" ती जवळजवळ ओरडलीच.

"हं," तो म्हणाला. किल्लीला त्याने हातही लावला नाही. उरल्यासुरल्या वेगात गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चारही इंडिकेटर लावले. तिच्या हातात पहिल्यांदा बंद पडली तेव्हा तिच्या तोंडून किंकाळी फुटली होती. हा साधं 'अरे'सुद्धा म्हणाला नाही. काळीज घट्ट आहे गड्याचं, तिला वाटलं, आणि तशातही त्याचं कौतुक वाटलं.

"थांबू जरा. होईल चालू."

झाली नाही. मागून गाड्या वळसे घालून, शिव्या घालून पुढे जात राहिल्या. बऱ्याच वेळाने त्याने किल्ली फिरवली, नुसतीच टकटक झाली. रस्त्याच्या कठड्यावर क्रेनवाल्याचा नंबर रंगवलेला होता. तिने मोबाइल काढला.

"क्रेन कशाला उगाच? राहू दे ना."

एरवी तिने राहू दिलं असतं. आज तिला साक्षीदार हवा होता. सासूबाईंना, दिरांना, त्या मेकॅनिकला छातीवर हात ठेवून सांगणारा एक तरी परका माणूस. तिने फोन लावला.

क्रेन येईपर्यंत तो गाडीच्या पलीकडे, दरीकडे तोंड करून उभा राहिला. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. किती ओशाळलाय बिचारा, तिच्या मनात आलं. इतके दिवस बायकोवर विश्वास ठेवला नाही, तेच आता खात असेल त्याला. तिचा सगळा राग निवळला. राजीनामा द्यायचा नाही, हेही तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मग ती जवळ गेली आणि त्याच्या ओल्या पाठीवर हात ठेवला.

"असू दे रे. तुला तरी काय माहीत होतं?"

तो दरीकडेच पाहत राहिला. तेवढ्यात क्रेन आली. एक दाढीवाला माणूस खाली उतरला. त्याने आधी गाडीच्या नंबरकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"काय साहेब, अजून हीच? गेल्या वर्षी दोनदा ओढून नेली तेव्हाच हात जोडून सांगितलं होतं ना, हिच्यात बायकापोरांना बसवू नका म्हणून?"